अनवाणी साक्ष

मार्च: युरोपचा दौरा. एप्रिल: अहवाल. जून: एकवीस कडुनिंबांची तोड. ऑगस्ट: नव्या कुंपणरोपांचा मृत्यू. सप्टेंबर: माळ्याला फायनल एक्झिट, म्हणजे कायमची मायदेशी पाठवणी. हे सर्व गेल्या वर्षीचे. जबाबदार व्यक्ती तीन: जेद्द्यातील आमच्या निवासी वसाहतीचे प्रकल्पप्रमुख, त्यांनी नेमलेले उद्यान-सल्लागार, आणि तिसरी व्यक्ती, जिचा उल्लेख यथावकाश येईल.

माळ्याचे नाव लिहीत नाही; तशी त्यांची विनंती आहे. वसाहतीत राहिलेल्या वाचकांना एक खूण पुरेल. कोणत्याही जमिनीविषयी मत देण्यापूर्वी ते चपला काढून बाजूला ठेवत, काही वेळ नुसते उभे राहत आणि मग म्हणत, "पायांना विचारलं." मी करारविभागात होतो. सनद माझ्याकडे कधीच नव्हती, तरी हे रत्नागिरीकडचे गृहस्थ मला वकीलसाहेब म्हणत. या परीक्षेची मी एकदा थट्टा केली, तेव्हा ते म्हणाले, "तुमचे साक्षीदार फुटतात, वकीलसाहेब. माझे फुटले तरी टाचेलाच."

फाटकाजवळचे कडुनिंब त्यांनीच लावलेले. शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या आया, ड्रायव्हर, जेवणाचे डबे उघडणारे कामगार, सर्वांची दुपार त्या सावलीत जाई. तुम्हीही तिथे उभे राहिला असाल.

प्रकल्पप्रमुखांना मात्र तिथे युरोपच्या तोडीचे उद्यान हवे होते. म्हणून ते स्वतः, सल्लागार, करारांसाठी मी आणि पुढे देखभाल ज्यांच्या गळ्यात पडणार होती ते माळी, असे चौघे दौऱ्यावर गेलो.

व्हर्सायच्या बजरीवर माळ्यांनी बूट-मोजे काढले. पहारेकरी टक लावून पाहू लागला. प्रकल्पप्रमुख दुसरीकडे पाहू लागले. समोर ताणलेल्या दोरीसारख्या वाटा, कातरून चौकोनी केलेली झुडपे आणि नजर क्षितिजापर्यंत बिनअडथळा जावी म्हणून बाजूला सारलेली झाडे. माळी म्हणाले, "ही बाग राजाने खिडकीतून बघायची. चालणाऱ्याचा विचार नाही. इथे ते खपतं. इथलं ऊन पाहुणं आहे, वकीलसाहेब. जेद्द्यात ते घरमालक आहे."

लंडनबाहेरच्या एका उद्यानात सारे आपोआप उगवल्यासारखे दिसत होते. मेंढ्या आत येऊ नयेत म्हणून भिंतीऐवजी खंदक खणला होता, तोही दुरून दिसणार नाही असा. तो त्यांनी वाकून पाहिला. "मेहनत लपवलीय," ते कौतुकाने म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "मेहनत करणारापण."

स्पेनमधल्या ग्रानाडात मात्र ते ऐन दुपारी अनवाणी उभे राहिले आणि हलेनात. उंच भिंती, अरुंद पाट, सावलीतून वाहणारे पाणी. उन्हाचा धाक मनात ठेवून रचलेली ती बाग होती. तिथे त्यांनी प्रकल्पप्रमुखांना माझ्यादेखत सांगितले, "साहेब, असं करू या. आपली झाडं राहतील." प्रकल्पप्रमुख हसले. "चाचा, तुम्ही पाणी घाला. नकाशा आम्ही बघतो." त्यांना व्हर्सायची लांबी आणि तिथल्यासारखे कातरलेल्या झुडपांचे कुंपण हवे होते, आणि त्या लांबीच्या वाटेत एकवीस कडुनिंब उभे होते.

परतल्यावर दौऱ्याचा अहवाल मी इंग्रजीत लिहायला घेतला. माळी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "माझं एवढंच लिहा. झाडं तोडायला माझी हरकत आहे. हे कुंपण इथे जगणार नाही."

ज्याचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, मालकाच्या हाती, त्याच्या नावावर 'हरकत' हा शब्द मला धोक्याचा वाटला. मी 'अन्य निरीक्षणे' या मथळ्याखाली लिहिले की, शक्य असल्यास विद्यमान झाडांचा विचार व्हावा. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते. "हरकत लिहिलीत ना?" त्यांनी विचारले. "योग्य शब्दांत," मी म्हणालो. त्यांनी माझे आभार मानले आणि सही केली.

ती तिसरी व्यक्ती मी.

झाडे गेली. तिथे लावलेली कुंपणरोपे ऑगस्टमध्ये करपून काड्या झाली. चौकशीत निष्कर्ष निघाला: देखभालीत हयगय; माळ्याने कोणतीही हरकत नोंदवली नव्हती. मी अहवालाची माझी प्रत काढून वाचली. नोंद खरी होती. त्यानंतर त्यांची हरकत मीच बदलून लिहिल्याचे सांगणारी सात पत्रे मी व्यवस्थापनाला पाठवली. पोचही आली नाही.

त्यांच्या शेवटच्या दिवशी मी त्यांना सर्व सांगितले. ते म्हणाले, "तुम्ही मला वाचवायला गेलात." यापेक्षा कठोर शब्द मला माझ्या आयुष्यात कोणी ऐकवलेला नाही. फाटकाशी, जिथे पहिला कडुनिंब होता, तिथे त्यांनी सवयीने चपला काढल्या, पाऊल टेकवले आणि लगेच परत घातल्या. "खलास, वकीलसाहेब. उभं राहवत नाही."

माझी कबुली वर दिली आहे. आता प्रकल्पप्रमुखांनी, जे आपल्याच मराठी मंडळाचे सभासद आहेत, जाहीर उत्तर द्यावे: ग्रानाडात त्या माणसाने आपणांस काय सांगितले आणि आपण काय म्हणालात? लेखी उत्तर नको. कागदाचा उपयोग कसा होतो, हे मी दाखवून बसलो आहे. येत्या शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर, सर्व सभासदांसमोर, फाटकाजवळच्या त्याच जागी उभे राहून उत्तर द्यावे. चपला काढून. मी शेजारी उभा असेन. माझ्याही पायांत काही नसेल.