थरथर थांबली तेव्हा

पाण्यात फेकलेली कॅनव्हासची डमी तोंडात धरून आणायला मी आमच्या लॅब्रॅडोर कुत्रीला शिकवत होतो. नेदरलँड्समधल्या फेल्डहोवन गावाबाहेरच्या तळ्यावर हिवाळ्यातही दर शनिवारी सराव असे. शिकवणाऱ्या डच बाईंचा आग्रह असायचा: पाण्यात जाताना कुत्र्याच्या अंगात ऊब टिकवणारं निओप्रीनचं जॅकेट, बाहेर आल्यावर लगेच पुसून कोरडा कोट, आणि मग चालवत राहायचं.

त्या शनिवारी जॅकेट आणि कोट दोन्ही मी गाडीतच ठेवले. अशा कुत्र्यांची जी परीक्षा असते तिच्यात ते चालत नाहीत, सवय व्हायला हवी, असा माझा हिशोब. खरं तर ती पास व्हावी ही हौस माझी होती.

काही फेऱ्या झाल्यावर ती ओलीच माझ्या पायाशी बसली. आपली पाळी येईपर्यंत हलायचं नाही, हाही परीक्षेचाच भाग. ती थरथरत होती. पाणी दिसलं की ती उत्साहाने नेहमीच थरथरायची, म्हणून मी लक्ष दिलं नाही. तळ्यावरून वारा सरळ अंगावर येत होता. थोड्या वेळाने थरथर थांबली.

"बघ," मी शेजारी उभ्या बायकोला म्हणालो, "शिकली एकदाची शांत बसायला."

"शांत? अरे, डोळे बघ तिचे."

"दमली असेल. अजून एक फेरी, मग–"

"तूच उतर ना त्या पाण्यात!"

मी हाक मारली. तिने फार उशिरा मान वळवली. उठायला गेली तर मागचे पाय फाकले आणि ती खाली बसली.

बाई धावत आल्या, तिच्या हिरड्या बघितल्या. "कापणं कधी थांबलं?"

"मघाशीच. मला वाटलं, शांत झाली."

"थंडीत कापणं थांबलं म्हणजे अंगातली ऊब संपत आली. गाडीत घ्या. हीटर लावा. चोळू नका, नुसतं टिपा."

मी तिला उचलून पळालो. मागच्या सीटवर बायकोने तिला टिपलं, स्वतःचा कोरडा स्वेटर काढून तिच्याभोवती गुंडाळला आणि तिला पोटाशी धरलं. मी दवाखान्याकडे गाडी काढली. आरशात मला फक्त एक काळा, न हलणारा कान दिसत होता.

"कापतेय," बायको अचानक म्हणाली. "कापायला लागली रे!" आणि रडायला लागली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, जॅकेट नव्हतं का? "होतं," मी म्हणालो. "मीच तिला घातलं नाही."

संध्याकाळी डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं. दवाखान्याच्या दारात उभं राहून तिला हाक मारायची मला लाज वाटत होती. तरी ती सरळ माझ्याकडेच आली.