छायाताईंची खरी चूक

छायाताई मुद्दाम चुकायच्या. शाळेच्या मैदानावर नकाशा उलटा धरायच्या, दुपारी चार वाजता सूर्याकडे बोट करून ‘ही पूर्व’ म्हणायच्या, प्यायच्या बाटलीतल्या पाण्याने हात धुवायच्या. समोर आठवीची चोवीस मुलं बसलेली असायची आणि सगळी मुकाट्याने वहीत लिहून घ्यायची.

छाया नाईकनवरे आखातात, ऊद मेथा भागातल्या एका भारतीय शाळेत भूगोल शिकवत. आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहत. यजमान सूर्यकांत अबू धाबीजवळ मुसफ्फाला एका फॅब्रिकेशन कंपनीत होते, आठवडाभर तिकडेच राहायचे आणि शुक्रवारच्या सुट्टीसाठी गुरुवारी दुपारी यायचे. छायाताई अंगाने किरकोळ, आवाज बेताचा, साडी कायम सुती. दारात उभ्या असल्या तरी विसरूनच जावं अशी बाई. सत्त्याण्णव साली त्यांनी शाळेला अर्ज करून एक तास मागून घेतला. कागदावर त्याचं नाव ‘आउटडोअर सर्व्हायव्हल कोर्स’, मुलांच्या तोंडी ‘डेझर्ट क्लास’.

आमची मुलं लिफ्ट, स्कूलबस आणि एसी यांच्यामध्ये वाढलेली. त्यांना रस्ता एकट्याने ओलांडायचीही सवय नव्हती. पहिल्या दिवशी छायाताईंनी प्रत्येकाच्या हातात काडेपेटी दिली, तर निम्म्यांनी काडी स्वतःच्या पोटाकडे ओढली. आमच्या सिद्धांतने घरी येऊन अभिमानाने सांगितलं, “आय लिट अ मॅच, आई.” तेरा वर्षांचा घोडा! मला हसावं की रडावं कळेना.

दोन वर्षांत त्यांनी बरंच शिकवलं. गाडी वाळूत रुतली तर गाडी सोडायची नाही. रंगीत चादर पसरून तिच्या शेजारी बसायचं. उन्हात चालायचं नाही, सावलीत थांबायचं. पाण्याचा शेवटचा घोट कुणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत हवं. जाताना दर थोड्या वेळाने मागे वळून बघायचं, कारण परतीची वाट उलट्या बाजूने ओळखूच येत नाही. पण सगळ्यात कठीण धडा एकच होता. ज्याला कुणाला वाटेल की काही चुकतंय, त्याने ‘खलास’, म्हणजे इथल्या अरबीत ‘बस, थांबा’, म्हणायचं. मग तो वर्गातला सगळ्यात ढ का असेना, सगळ्यांनी आहे तिथे बसायचं आणि त्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं. मॅमनीसुद्धा.

तो मुद्दाम चुकण्याचा खटाटोप याच्यासाठी होता. आणि पहिले तीन महिने एकही मूल बोललं नाही. उलटा नकाशा सगळ्यांना दिसत होता, पण मॅमनी धरलाय म्हणजे काहीतरी कारण असेल. शेवटी एकदा आमचे चिरंजीव कंटाळून बोलले आणि मग पोरांना चटकच लागली. छायाताई तोंड उघडायच्या आत कुणीतरी ओरडायचं. नाही बोलायची ती एकटी शहनाझ. हैदराबादकडची मुलगी, मागच्या बाकावरची. हजेरीसुद्धा मान हलवून द्यायची.

चटक लागली तशा तक्रारीही आल्या. एका मुलाने म्हणे पाहुण्यांसमोर वडिलांना ‘खलास’ म्हटलं. वडील शाळेत येऊन तणतणले, की फी भरून आम्ही मुलांना उलट बोलायला शिकवतोय का? शाळेच्या ऑफिसातले अजीज सर मग फाइल घेऊन बसले. त्यांनी छायाताईंना सरळच सांगितलं, की नव्याण्णवच्या फेब्रुवारीतल्या शिबिराला मी स्वतः येणार, आणि कोर्स पुढे ठेवायचा की बंद करायचा ते बघूनच लिहिणार.

त्या शिबिराला मुलींसोबत आणखी एक बाई हवी होती. मी रिकामी, म्हणून माझी वर्णी लागली.

निघायच्या आदल्या दिवशी मैदानावर सामानाचं वजन झालं. छायाताईंनी घरचाच काटा आणला होता, सुट्टीला गावी जाताना बॅगा लटकवून बघतो तो. सिद्धांतची सॅक नऊ किलो भरली. त्यात मी एक किलो चिवडा, लोणच्याची बरणी आणि दोन जादा टॉवेल कोंबले होते. छायाताईंनी माझ्याकडे बघितलं.

“वहिनी, हे मुंबईचं फ्लाइट नाही.”

सगळ्या आया हसल्या, कारण सगळ्यांनी हेच केलं होतं. काय काढायचं ते मात्र छायाताईंनी मुलांनाच ठरवू दिलं. सिद्धांतने चिवडा काढला आणि टॉर्च ठेवला. लोणचंही गेलं. माझ्या जिवाला लागलं.

गुरुवारी सकाळी हत्ताच्या बाजूच्या डोंगरात डांबर संपलं तिथे बस थांबली. ड्रायव्हर हमदुल्ला बसपाशीच थांबणार होता. छायाताईंनी सगळ्या मुलांसमोर त्याच्याशी करार केला. उद्या तीन वाजेपर्यंत आम्ही आलो नाही, तर शोधत आत यायचं नाही. बस घेऊन खालच्या पोलीस चौकीवर जायचं. हमदुल्लाने घड्याळ दाखवून मान डोलावली. अजीज सरांनी तिथेच बजावलं, की मॅडम, पोलिसांपर्यंत गेलं तर मग मला काही लिहायलाच उरणार नाही. छायाताई म्हणाल्या, हो, ते माझ्या लक्षात आहे.

मग दोन-अडीच तासांची चाल. कोरडी वादी, म्हणजे पाऊस पडला तरच वाहणारी नदी, पायाखाली नुसते गोटे. मुक्काम वादीत न करता वरच्या सपाटीवर केला. खाली मऊ वाळू आणि सावली असताना इथे खडकावर का, असं अजीज सरांनी विचारलं. मुलांनीच त्यांना सांगितलं की पाऊस लांब डोंगरावर पडतो आणि पाणी इथे येतं.

संध्याकाळी मुलं खिचडी शिजवत होती आणि आम्ही दोघी बटाटे सोलत होतो. तेव्हा मी विचारलं, की छायाताई, हे सगळं तुमच्या डोक्यात आलं कुठून?

हातातला बटाटा त्यांनी सोलून पातेल्यात टाकला. मग सांगितलं. ब्याण्णव साली त्या दोघांना सूर्यकांतभाऊजींच्या साहेबांनी सहलीला नेलं होतं. परतताना गाडी वाळूत रुतली. साहेब म्हणाले, रस्ता इथेच आहे, दोन किलोमीटर, सूर्यकांत, आपण चालत जाऊ. रस्ता तिथे नव्हता. छायाताईंना कळत होतं, कारण त्या बाजूला विजेचा एकही खांब दिसत नव्हता. भाऊजींनाही कळत होतं.

“पण साहेब बोलत होते,” त्या म्हणाल्या. “त्यांच्या बायकोसमोर मी कसं बोलायचं? नवऱ्याची नोकरी होती हो.”

साहेब तासाभरात दमून परत आले. भाऊजी पुढे गेले होते. दिवस मावळायच्या सुमाराला उंटवाल्यांना ते एका झुडपाखाली बेशुद्ध सापडले. आठ दिवस हॉस्पिटल. अजून उन्हात उभं राहिलं की त्यांना भोवळ येते, म्हणून साइटवरून ऑफिसात घेतलं. ते उन्हाचा चष्मा लावून जिन्यात शिरतात, त्यावरून आम्ही बायका गमतीने काय काय बोललो होतो, ते मला तेव्हा आठवलं.

छायाताईंनी बटाटे धुतले. धुतलेलं पाणी टाकलं नाही, खिचडीत घातलं.

शुक्रवारी सव्वाबाराला आम्ही परत निघालो, फेब्रुवारीचं ऊन सोसवणारं होतं. सगळं व्यवस्थित झालं होतं. कुणी आजारी नाही, कुणी रडलं नाही. अजीज सरांची कळी खुलली होती. ते छायाताईंच्या बरोबरीने चालत बारीकसारीक विचारत होते, पुढच्या वर्षी किती मुलं घेणार, मुलींची वेगळी तुकडी करता येईल का. छायाताईही कधी नव्हे त्या भरभरून बोलत होत्या. वाटेत दोन वाद्या एकमेकींना मिळतात. तिथून त्या डावीकडे वळल्या, त्यांच्यामागे आम्ही सगळे.

वीसेक मिनिटं गेली असतील. मागून अगदी बारीक आवाज आला.

“खलास.”

शहनाझ होती. मुलं धपाधप गोट्यांवर बसली, मीही बसले. अजीज सर एकटे उभे होते. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि इस्त्रीच्या पँटसकट एका दगडावर टेकले.

शहनाझ उभी राहून खाली बघत हिंदीत सांगू लागली. काल येताना तिने मागे वळून बघितलं, तेव्हा एक बोराचं झाड होतं. शेळ्यांच्या माना पोचतात तिथपर्यंत खालचा पाला सगळा खाल्लेला, म्हणून छत्रीसारखं दिसणारं. शेजारी पाण्याची निळी टाकी. दोन वाद्या मिळतात तिथून ते झाड अगदी जवळ होतं. आज ते अजून आलंच नाही.

सिद्धांतने टाळी वाजवली. “शी इज टेस्टिंग अस, सर! मॅम डझ इट ऑल द टाइम.”

मग सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. शहनाझ पास, शहनाझ पास, असा गजर झाला. पोरीच्या चेहऱ्यावर हसू आलं. अजीज सरांनी खिशातून डायरी काढली आणि खूश होऊन काहीतरी टिपून घेतलं. मीसुद्धा मनात म्हटलं, काय बाई आहे, सरांच्या देखतही परीक्षा घ्यायची सोडली नाही!

छायाताई नकाशा बघत होत्या. मी समोरच बसले होते, म्हणून मला त्यांचा अंगठा दिसला. तो नकाशावर त्या दोन वाद्यांपाशी गेला आणि थांबला. त्यांना काही करायचंच नव्हतं. नुसतं हसून ‘शाब्बास’ म्हटलं असतं की झालं. चोवीस मुलं, मी आणि सर, आम्ही सगळ्यांनी ती चूक कधीच माफ करून टाकली होती, उलट तिचं कौतुक चाललं होतं.

त्यांनी नकाशाची घडी घातली.

“नहीं बेटा,” त्या म्हणाल्या, “ये टेस्ट नहीं था. मैं सचमुच गलत आई हूँ. शहनाझ ने मुझे रोका है.”

टाळ्या विरून गेल्या. अजीज सरांचं पेन डायरीवर तसंच राहिलं. एकदोन मुलांचे चेहरे उतरले, कारण मॅमचं चुकणं त्यांनी आजवर खेळातच बघितलं होतं. छायाताईंनी विचारलं, की आता काय करायचं? मग एकाने पाण्याच्या बाटल्या मोजल्या, एकाने घड्याळ बघितलं, कुणी सगळ्यांची हजेरी घेतली. तीनपर्यंत पोचणं कठीण आहे असं निघालं. पळत गेलो तर पोचू, असं सिद्धांत म्हणाला, आणि दोनतीन जण एकदम म्हणाले, गोट्यांवर पळून कुणाचा तरी पाय मोडेल. मॅम नुसत्या ऐकत होत्या. आल्या वाटेने परत जायचं आणि सगळ्यात पुढे शहनाझने चालायचं, असं ठरलं. छायाताई सगळ्यांच्या मागे, माझ्या शेजारी चालू लागल्या.

“काय केलंत हे?” मी हळूच म्हटलं. “कोर्स जाईल की हो.”

“जाईल कदाचित,” त्या म्हणाल्या. “पण मी खोटं बोलले असते, तर त्या पोरीला वाटलं असतं की तिने खेळ जिंकला. तिने रस्ता ओळखला होता, वहिनी.”

झाड आलं, टाकी आली. डांबरावर पोचलो तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती आणि बस नव्हती. हमदुल्ला ठरल्याप्रमाणे ठोक्याला तीन वाजता निघून गेला होता. अजीज सर कपाळाला हात लावून उभे राहिले. मुलांनी न सांगता केशरी चादर पसरली, डोंगराच्या सावलीत बसली आणि उरलेल्या खजुराच्या सारख्या वाटण्या केल्या. तासाभराने पोलिसांची जीप आली आणि मागून आमची बस. पोलिसाने सगळ्यांना धडधाकट बघितलं, हसला, पाण्याचा खोका उतरवून दिला. हमदुल्ला मान खाली घालून आला. त्याला वाटत होतं, अर्धा तास थांबलो असतो तर बरं झालं असतं. छायाताई त्याला सगळ्यांदेखत म्हणाल्या, “तुमने बिलकुल सही किया, भाई.”

ऊद मेथाला पोचलो तेव्हा मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची अजान चालू होती. फाटकापाशी पालकांची गर्दी आणि चढलेले आवाज. ते तक्रारवाले वडील पुढेच होते. त्यांनी विचारलं, चूक कुणाची? छायाताई म्हणाल्या, “माझी. वाट मी चुकले.” ते गृहस्थ मुलाची सॅक घेऊन गेले.

अजीज सरांनी काय लिहिलं ते आम्हाला कुणी दाखवलं नाही. महिनाभर छायाताईंनी तो तास रिकामाच ठेवला, मैदानाकडे गेल्या नाहीत. एप्रिलमध्ये नव्या वर्षाच्या मुलांची यादी ऑफिसातून त्यांच्या टेबलावर आली. एक नवी अट होती, की शिबिराला मोठी माणसं तीन हवीत. आणि यादीत दुसरं नाव अजीज सरांच्या मुलीचं होतं.

कोर्स पुढे दोन हजार चारपर्यंत चालला, भाऊजी निवृत्त होऊन दोघं नाशिकला गेली तोवर. मधल्या काळात छायाताईंनी वर्गात शेकडो खोट्या चुका केल्या असतील. पण प्रत्येक तुकडीला पहिल्याच दिवशी त्या खरी चूक सांगायच्या, शहनाझचं नाव घेऊन.

दोन हजार एकच्या जानेवारीत एका गुरुवारी आम्ही पहाटे अबू धाबीला निघालो होतो. रस्त्यावर दाट धुकं. आमच्या ह्यांना मीटिंगला पोचायचं होतं, म्हणून पुढच्या गाडीचे लाल दिवे धरून चालवत होते. मला भीती वाटत होती. अठरा वर्षांच्या संसारात गाडी चालवणाऱ्या नवऱ्याला मी कधी काही बोलले नव्हते, तेव्हाही नाही बोलले.

मागच्या सीटवरून सिद्धांत म्हणाला, “खलास, बाबा.”

हे काहीतरी रागाचं बोलणार, असं मला वाटलं. पण पुढचा पेट्रोल पंप आला तिथे त्यांनी गाडी आत घेतली. आम्ही चहा घेऊन काच खाली करून बसलो. बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजत होते आणि काहीच दिसत नव्हतं. नऊ वाजता धुकं निवळलं, तेव्हा निघालो.

घरी आल्यावर मी तिसऱ्या मजल्यावर जाऊन छायाताईंना सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या सिद्धांतचं कौतुक करतील.

“आणि सिद्धांतचे बाबा थांबले?” त्यांनी विचारलं.

थांबले, मी म्हटलं.

आत सूर्यकांतभाऊजी पेपर वाचत होते. छायाताईंनी एकदा तिकडे बघितलं, आणि चहाचं आधण ठेवायला उठल्या.