चिठ्ठीवर लिहून दिलेलं पुस्तक

आमचा मुलगा पावणेदोन वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलत नव्हता. लसीसाठी मंगळवार पेठेतल्या मुलांच्या डॉक्टरबाईंकडं नेलं, तेव्हा त्यांनी त्याचे कान तपासले. कान ठणठणीत होते. मग त्यांनी विचारलं, "घरात ह्याच्याशी बोलतं कोण?"

बायको म्हणाली, "मी बोलते, सासरं बोलत्यात. ह्ये न्हाईत बोलत. दिवसभर वरडून येत्यात आणि घरात आलं की मुकं."

ते खरंच होतं. मी मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यात बोली पुकारतो. दिवसभर गर्दीत आवाज चढवून संध्याकाळी गडमुडशिंगीला घरी पोचलो की मला 'पाणी दे' म्हणायचाही कंटाळा येतो. मी बोट दाखवतो. पोरगंही बोटच दाखवायचं.

बाईंनी टेबलाच्या खणातून जाड पुठ्ठ्याचं चित्रांचं पुस्तक काढून दिलं आणि औषधाच्या चिठ्ठीवर, नाकातल्या थेंबांच्या खाली लिहिलं : पुस्तक, रोज संध्याकाळी एकदा, वडिलांनी. म्हणाल्या, "तीन महिन्यांनी परत आणा. तोवर एकही शब्द आला नाही, तर मोठ्या तपासण्या कराव्या लागतील बघा." येताना मोटरसायकलवर मला भीती वाटत होती आणि बायकोला माझा राग आला होता.

आमच्या घरात औषधपाण्याचं खातं माझ्या वडिलांकडं. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि दवाखान्यात फोन लावला, "जेवायच्या आधी का नंतर?" नंतर, असं उत्तर आलं. मधे पोराला ताप आला तेव्हा त्यांनी पुस्तक बंद ठेवलं, कारण तापाचं औषध चालू होतं आणि दोन्ही एकदम नकोत. बायकोनं दवाखान्यात विचारून ते पुन्हा चालू करून घेतलं. एरवी वडिलांनी एका दिवसाचाही खाडा होऊ दिला नाही. मी जेवून हात धुवेपर्यंत पोरगं आणि पुस्तक दोन्ही तयार असायचं.

पुस्तकात एका पानावर एक चित्र आणि खाली एक शब्द. मला मोठ्यानं बोलायची एकच तऱ्हा ठाऊक. मी सौद्यातल्यासारखं पुकारायचो, "मांजर घ्या, मांजर. बोला, मांजर." दोन-तीन दिवसांनी शेजाऱ्यानं दारातनं विचारलं, "काय ओ, मांजर कितीला गेलं?"

पोरगं मात्र मांडीवरनं हलायचं नाही. माझ्या तोंडाकडं टक लावून बघायचं, पुस्तकाचा कोपरा चावायचं आणि पुढचं पान उलटायचं. बोलायचं काही नाही. दोन महिन्यांत सगळे कोपरे खाऊन झाले. मी बायकोला म्हटलं, "मला न्हाय वाटत ह्येचा गुण येईल." ती म्हणाली, "तुम्ही वाचा की गप." गप्प कसं वाचायचं ते तिनं सांगितलं नाही.

पुढं गुळाचा हंगाम ऐन भरात आला आणि माझा घसा बसला. बाईंकडं जायला आठवडाच राहिला होता. त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर पोरगं पुस्तक घेऊन आलं, मांडीत बसलं आणि पान उघडून वाट बघायला लागलं. मी तोंड उघडलं तर नुसता वारा. मी मांजरावर बोट ठेवलं. त्यानं मान वळवून माझ्या तोंडाकडं बघितलं. आणखी थोडी वाट बघितली. मग बहुतेक त्याचा धीर सुटला.

"मांजल," तो ओरडला. "मांजल घ्या."

वडील बाहेरच्या खोलीतनं आले. बायको भांडी घासता घासता ओल्या हातांनी स्वयंपाकघरातनं आली. मी पान उलटून बादलीवर बोट ठेवलं. "बाल्ली." पुढं चंद्र होता. तो त्याला जमला नाही. त्यानं तो सोडून दिला आणि पुढचं पान घेतलं. शेवटपर्यंत त्यानंच वाचलं. मी रडत होतो, पण घसा बसलेला असल्यामुळं कुणाला ऐकू गेलं नाही.