सगळ्या टिंबांची एकच तारीख

वाळत घातलेल्या मिरचीचा ठसका लागला, की मिरची वाळवायच्या पथारीसमोरचं ते मोबाइलचं दुकान आठवतं. वडील ट्रक चालवायचे. त्यांना लिहिता येत नसे, म्हणून अक्कलकुव्याला सुखरूप पोचले की आईला मेसेजमध्ये नुसतं एक टिंब पाठवायचे. ते वारल्यावर आईचा फोनही बंद पडायला आला, तेव्हा त्यातले मेसेज नव्या फोनवर घ्यायला आम्ही तिथे गेलो. दुकानदार म्हणाला, "मावशी, यामा बरेच मेसेज नुसता टिंबं शेतस. काढी टाकू का?" आई म्हणाली, "त्याच ठेव, भाऊ. बाकीना काढ." टिंबं सगळी आली, पण प्रत्येकावर त्याच दिवसाची तारीख पडली होती. आईला आकडे वाचता येतात. बराच वेळ बघून तिने मला विचारलं, "मंग तुन्हा बाप आज पोचना का?" त्या फोनमधून वडिलांचा एकही दिवस मला अजून वेगळा काढता आलेला नाही.