कुनीमात्सुचा तराफा

महायुद्धात आमच्या जपानी लष्कराच्या साहेबांनी उष्णतेमागे धावणारा बॉम्ब बनवायला घेतला आणि आमच्या हामाना सरोवराच्या काठी चुली पेटणं बंद झालं. चाचणी असली की अख्ख्या गावाने विस्तव विझवायचा. पेटता राहायचा फक्त सरोवराच्या मधला कोळशाचा तराफा. तो पेटवायचं काम मासेमार कुनीमात्सुचं. चाचणीच्या बॉम्बमध्ये स्फोटाची दारू नसायची, पण छपरावर पडला तर खालचं माणूस उरलं नसतं. आजवर तो भलतीकडेच पडत आला होता.

त्या दिवशी कुनीमात्सुची सून सकाळपासून अडली होती. मुलगा आरमारात. म्हातारा निघताना बायकोला बजावू लागला, "तोयो, चूल पेटवू नकोस हं."

"बाळ आल्याशिवाय नाही पेटवणार. पण आलं, की पहिली अंघोळ कोमट पाण्यानेच होणार. तुमच्या बॉम्बला सांगा जरा थांबायला!"

तोयोपुढे बोलायची गावात कुणाची छाती नव्हती, माझीही नव्हती. म्हातारा नाव घेऊन सरोवरात गेला.

तराफा पेटवून तो परत फिरणार, तोच त्याच्या छपरातून धूर वर आला. बाळ आलं होतं! म्हातारा नावेतच नाचला आणि दुसऱ्या क्षणी त्याने मान वर केली. वर विमानाची घरघर सुरू झाली होती. घर गाठायला वेळ नव्हता.

मग त्याने तराफ्यावर सगळा कोळसा ओतला, दिव्याचं तेल ओतलं, पेंढ्याचा रेनकोट टाकला, अंगातला सदरा टाकला, शेवटी वल्हीसुद्धा टाकली. आगीचा लोळ उठला तेव्हा त्याने पाण्यात उडी मारली. बॉम्ब सरळ आला आणि तराफ्याच्या चिंधड्या उडाल्या.

काठावर साहेब एकमेकांना मिठ्या मारत होते. कॅप्टनने ओल्या म्हाताऱ्याच्या हातात तांदळाच्या मद्याचा, साकेचा पेला दिला. "आजोबा, काय केलंत हो आज?"

"कोळसा सुका होता, साहेब," म्हणत तो ढसाढसा रडला. देशप्रेम बघा, असं कॅप्टन म्हणाला. म्हातारा तसाच घराकडे पळाला.

तोयो नातीला पुसत होती. "अहो, कपडे कुठे गेले तुमचे?"

त्याने सगळं सांगितलं. मग नातीला मांडीवर घेऊन तो म्हणाला, "पुढच्या वेळी दारू भरणार म्हणतात. जहाजांसाठी आहे म्हणे. त्या मुक्या बॉम्बला जहाज कळतं की चूल? तिकडेही कुणी पाणी तापवत असेल."

त्यानंतर त्याचा कोळसा कधी धड पेटला नाही. नुसता धुमसायचा. साहेब शिव्या घालायचे, आम्ही त्याला ऐदी म्हणायचो, तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा. बॉम्ब पुन्हा एकदाही नेमका पडला नाही. मग युद्ध संपलं आणि साहेब सामान बांधून गेले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गावातल्या एकूण एक छपरातून धूर निघत होता. कुनीमात्सु अंगणात उभा राहून तो बघत होता. "बॉम्ब कुणाकडेच येणार नाही आता," तो म्हणाला आणि चुलीत आणखी एक लाकूड सारायला आत गेला.