गाळलेल्या चार ओळी

विश्रामबागेत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा एक माणूस कुपवाडच्या कारखान्यांतले कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. दर वाक्याला "म्हणजे कसं, आबा" म्हणायचा आणि वाचताना पहिलीतल्या पोरासारखं ओळीखाली बोट फिरवायचा.

कारगिलची लढाई सुरू होती. माझा मुलगा तिकडं, महिनाभर पत्र नाही. पलीकडच्या देशाचं वर्तमानपत्र इंटरनेटवर दिसायचं, तेही सरकारनं बंद केलं. मुलगा माझा, आणि मी काय वाचायचं ते दिल्लीनं ठरवायचं!

"म्हणजे कसं, आबा, आपल्याला दार बंद हाय. अमेरिकेतल्या मित्राच्या कॉम्प्युटरवर मी प्रॉक्सी बसवलीय. त्यो कॉम्प्युटर तिकडं पान उघडतो आन् आपल्याकडं धाडतो."

पान आलं. मला इंग्रजी येत नाही, तो मराठीत सांगत गेला. मी त्याचं बोट बघत होतो. मधेच ते चार ओळी सोडून खाली गेलं.

"थांब. मधलं काय?"

"काय न्हाई, आबा. उगंच फुशारकी हाय त्यांची."

माझं डोकं फिरलं. बायकोचं दुखणं डॉक्टरनं, घरच्यांनी माझ्यापासून असंच लपवलं होतं. ती गेली त्या सकाळीही मी तिच्याशी पेरणीचं बोलत होतो.

"सरकारचं कुलूप तोडलंस आन् सवताचं लावतोस व्हय रं? वाच!"

त्यानं बोट परत वर नेलं. त्या ओळींत माझ्या मुलाच्या पलटणीचं नाव होतं, आणि लय माणसं पडल्याचं लिहिलं होतं. बोट एकेका शब्दाखालून गेलं, त्यानं एकही शब्द गाळला नाही.

शत्रूचं लिहिणं, खरं किती कोण जाणे. पण मला सगळं वाचून दाखवणारा तो पहिलाच.