पडद्यावरचे नवरे, केबिनमधली बायको

थिएटरात ऑपरेटर म्हणून नोकरी नवऱ्याची, पण मशीन चालवायची ती. "पाच मिनिटांत आलो" म्हणून नवरा तिकीटवाल्याशी गप्पा हाणायला खाली गेला, त्याला बावीस वर्षं झाली. डबा घेऊन आलेली ती केबिनमध्येच अडकली. रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका दिसतो; तो दिसला की पुढचं रीळ लावलेलं दुसरं मशीन सुरू करायचं, नाहीतर पडदा कोरा. हे ती बघून बघून शिकली. लोक मात्र तिला ऑपरेटरची बायको म्हणत.

त्या रविवारी सकाळी फिल्म क्लबनं एक जुना फ्रेंच विनोदी सिनेमा पुन्हा लावला. अजब प्रकार होता. बायका ऑफिसातून येऊन नसलेल्या मिशांना पीळ देतात आणि नवरे कॉलरला इस्त्री करता करता रडतात. पूर्वी तो लावला तेव्हा ती केबिनमध्ये एकटीच पोट धरून हसली होती. या वेळी खेळाआधी निवृत्त होणाऱ्या नवऱ्याचा सत्कार होता. "भाषणात माझं नाव तेवढं घ्या," तिनं सांगून ठेवलं होतं. दुसरं काही नको होतं तिला. "घेतो की," तो म्हणाला होता.

आणि माइक हाती येताच गडी स्त्री-पुरुष समानतेवर घसरला! अर्धा तास. शेवटी म्हणतो, "आमच्या मंडळींचंही सहकार्य आहे. डबा कधी चुकला नाही." टाळ्यांचा कडकडाट. वर झरोक्याशी तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. डबा!

तरी तिनं पहिलं रीळ लावलं. इस्त्रीवाल्या नवऱ्याला सगळे हसत होते, सगळ्यांत मोठ्यानं पहिल्या रांगेतली सत्कारमूर्ती. ठिपका आला. तिनं दुसऱ्या मशीनला हात लावला नाही. रीळ नीट संपू दिलं, मशीनचा दिवा बंद केला, कारण फिल्मवर राग काढणं तिला कधीच जमलं नसतं. मग जिना उतरून ती मंचापाशी येऊन उभी राहिली.

शिट्ट्या सुरू झाल्या. हॉलचे दिवे लागले.

"अगं, तू इथं? मग वर कोण आहे?" नवरा ओरडला.

"कोणी नाही. ऑपरेटर तुम्ही ना? जा, लावा."

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. गुच्छ सावरत तो दोन पावलं गेला आणि थांबला. "ते नवीन मशीन जरा..."

"बावीस वर्षांपूर्वी नवीन होतं!" तिनं मंचावरचा माइक त्याच्या हातात कोंबला. "मशीन कोण चालवतं ते सांगा. नाव घेऊन."

"घरी बोलू गं."

"इथंच."

उभ्या संसारात "अगं"पलीकडे न गेलेल्या त्या माणसानं घसा खाकरला, ओठ ओले केले आणि तिचं नाव घेतलं, अगदी पुटपुटल्यासारखं.

"मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही," ती म्हणाली.